वीतभर जादा नळी

कोळार, बीदर
१२ मे २०२५

ती. शिवाप्पा मामांस,
शि. सा. न. वि. वि.

इंजिन तर बसलं, पण तेलाच्या दोन नळ्या कुठून न्यायच्या, हा तुमचा प्रश्न मिळाला. उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले, पण परीक्षेतल्या इंजिनाभोवती नेहमी कोरा कागद असायचा. तुमच्या इंजिनाभोवती बोट घालायला जागा नाही.

तुमच्या मंगलनं पाठवलेल्या चित्रावरून मला कळलं ते असं. काशप्पांच्या भंगारातून आणलेलं पिकअपचं इंजिन आपल्या जीपच्या जुन्या इंजिनापेक्षा रुंद आहे. तेलाचा फिल्टर जिथे यायला हवा, नेमका तिथेच स्टेअरिंगचा बॉक्स आहे. म्हणून फिल्टर काढून लांब बसवायचा, तेल तिकडे नेणारी एक नळी आणि परत आणणारी दुसरी. उजवीकडून न्याव्यात तर सायलेन्सरचा तापलेला पाइप. डावीकडून न्याव्यात तर अज्जांनी जडवलेली मैलार मल्लण्णाच्या, आपल्या खंडोबाच्या, भंडाऱ्याची पेटी आड येते, आणि तिथे ड्रिल लावू देणार नाही असं तुम्ही आणि मामींनी बजावलंय. मीही लावा म्हणणार नाही. एवढं विज्ञान मला कळतं की मामींशी भांडून जीप चालत नाही.

मग पेटीच्या खालून, चेसिसला धरून जागा निघते का, तेवढं पाहा आणि माप कळवा. दोन जूनला हुमनाबादचं कॉलेज उघडतं. गावात बस दहाला येते आणि तास साडेनऊला सुरू होतात. मंगल धरून निर्ण्याच्या सहा मुली तुमच्या जीपवर अवलंबून आहेत. जीप नसेल तर पाचजणींचे वडील त्यांना घरीच बसवतील, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तेलाची नळी ओरडून सांगायची गोष्ट नाही. म्हणून हे पत्र बसचे ड्रायव्हर सिद्धराम अण्णांच्या हाती देते.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
रेणुका

•

निर्णा
१६ मे २०२५

चि. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

मंगलच्या हातनं लिवून घ्यायलोय. मी बोलतो तसंच लिही म्हणलंय तिला, सुधारू नको.

तू म्हणलीस तशी पेटीच्या खालनं वाट हाय. जरा वाकडी हाय, पर हाय. माप घेतलं. टेप कामून घ्यायची? माझी लोकरीची दोरी हाय की. मेंढरं गेली, दोरी ऱ्हायली. इंजिन चालू करून, रेस देऊन घेतलंय माप. साडेतीन हात अन् वर एक वीत. ती वीत सोडू नको. मंगलनं टेपनंबी मापलंय, तिचा आकडा खाली लिवलाय, एक वीत कमी हाय. तिनं इंजिन बंद असताना मापलंय.

गुंडेराव रोज संध्याकाळी येऊन बॉनेटपाशी हुबा ऱ्हातोय. त्याची पोरगी सोनू पास झाली तवापासून त्यालाच जास्त घाई. जीप कधी निघणार म्हणून इचारायलाय. मी म्हणलं, बीदरची इंजिनिअर नळी धाडायलीय, आता काय काळजी न्हाई. तुझ्या मामीनं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय.

मामी इचारायलीय, खोलीवर स्वैपाक करतीस का खानावळीत खातीस. खरं सांग. खोटं बोलशील तर सिद्धरामला इचारीन म्हणायलीय.

तुझा मामा,
शिवाप्पा

•

कोळार, बीदर
१९ मे २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नळ्या तयार झाल्या. आमच्या कंपनीजवळच्या दुकानात उष्णता सोसणाऱ्या जाड रबराच्या करून घेतल्या, दोन्ही टोकांना जोड दाबून बसवले. सिद्धराम अण्णांच्या सीटखाली पोतं आहे, त्यात आहेत. त्यांनी त्यावर मिरच्यांची पिशवी ठेवली नसेल अशी आशा करू या.

एका गोष्टीवरून रागावू नका. माप मी मंगलच्या टेपचं धरलं. लोकर ताणली जाते, मामा. दोरी एकदा एक सांगते, एकदा दुसरं. आणि तुमची ती वीत खाली लोंबकळली तर तळाशी आडव्या गेलेल्या सायलेन्सरच्या पाइपला टेकेल आणि जळेल. म्हणून ती काढून टाकली. आता नळी चेसिसला कशी चिकटून बसते ते पाहा. मी कागदावर काढून तीनदा तपासलंय.

कंपनीत साहेबांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, नीटनेटकं आहे. दिवसभर मी हवेतच होते.

स्वयंपाक मी खोलीवरच करते. खानावळीत फक्त सोमवार, बुधवार आणि शुक्रवार.

आशीर्वादाचा हात आहे तिथेच असू द्या.

रेणुका

•

निर्णा
२६ मे २०२५

चि. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

काल हुमनाबादच्या रस्त्याला जीप काढली. चढाला नळी जोडातनं उपटून आली अन् तेल सगळं रस्त्यावर सांडलं. मी लागलीच बंद केली, इंजिनाला काय झालं न्हाई. चूक माझीच. बसवताना ढिली ऱ्हायली असणार. आता वय झालंय. तू काळजी करू नको, दुसरी नळी धाड. या बारीला ती वीत असू दे.

शिवाप्पा

रेणुकाअक्का, वरचं अप्पांनी सांगितलं तसं लिहिलं. आता ते चहा प्यायला गेलेत, म्हणून खालचं माझं.

नळी ढिली नव्हती. अप्पांनी दोनदा आवळली, दोन्ही वेळा पाना मीच दिला. गाडी चढाला लागली, अप्पांनी रेस दिली, तेव्हा मी पुढच्या सीटवरून इंजिनाकडेच पाहत होते, बॉनेट काढून ठेवलं होतं. इंजिन आपल्या रबरांवर चार बोटं तिरकं झालं. नळी तारेसारखी ताणली गेली आणि निघाली. माप कमी पडलं, अक्का. टेपचं माप माझं, म्हणून मलाही रडू आलं.

गुंडेरावकाका मागच्या सीटवर होते. उतरून ते खाली वाकले, तेव्हा त्यांची पँट तेलानं भिजली. गावात आल्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, शिवाप्पा म्हातारा झाला, कान गेले, आता हातही गेले, याच्या जीपमध्ये पोरी बसवणार नाही. बाकीचे चार बापही माना हलवायला लागले. अप्पा एवढंच म्हणाले, व्हय, माझंच चुकलं.

घरी आल्यावर मी विचारलं, खोटं कामून बोललात? तर म्हणाले, आपल्या घरात पहिल्यांदा एक पोरगी डिगरी घेऊन आली. तिचंच माप चुकलं असं गावात कळलं तर उद्या म्हणतील, पोरींना शिकवून काय मिळालं. म्हाताऱ्याचं नाव खराब झालं तर काय बिघडत न्हाई.

मला तुला कळवू नको म्हणाले होते. मी कळवलं. रागावतील तेव्हा तू वाचव.

तुझी,
मंगल

•

कोळार, बीदर
३० मे २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मंगलला रागावू नका. तिनं बरोबर केलं.

इंजिन रबरांवर बसतं आणि जोर लागला की कलतं, हे पुस्तकात होतं. मी ते वाचलं होतं, गुण मिळवले होते आणि विसरले होते. तुम्ही इंजिन चालू ठेवून, रेस देऊन माप घेतलंत. ती वीत दोरीची चूक नव्हती, इंजिनाच्या कलण्याला ठेवलेली जागा होती. मी ती नीटनेटकेपणासाठी कापली. साहेबांनाही ते कळलं नाही. परवा मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

नव्या नळ्या या पत्राबरोबर येत आहेत, तुमच्या मापाच्या, पूर्ण वितीसकट. वीत लोंबकळू नये म्हणून इंजिनाजवळ मोठं वळण द्या. घासण्याच्या जागी रबराचं कव्हर आहे. सायलेन्सरच्या उष्णतेपासून आडोसा म्हणून पत्र्याची पट्टी पाठवली आहे. पेटीला कुठेही हात लागत नाही. रविवारी बसवा, आणि आवळताना मी शेजारी असेन.

आता खरी गोष्ट. तुम्ही माझ्यासाठी गावात मान खाली घातलीत. मला ते सहन होत नाही, आणि पटतही नाही. शिकलेली मुलगी कधी चुकतच नाही असं गावाला दाखवायचं ठरलं, तर मंगल आणि सोनू पहिल्याच परीक्षेला घाबरतील. शिकलेली मुलगी चुकते, कबूल करते आणि दुरुस्त करते, एवढं त्यांच्या बापांनी पाहिलं तरी पुष्कळ झालं.

म्हणून बुधवारी सकाळी मी पाच पत्रं सिद्धराम अण्णांच्या हाती दिली, पाच मुलींच्या घरी एकेक. त्यात लिहिलं की मामांचं माप बरोबर होतं, मी ते बदललं, नळी माझ्यामुळे उपटली. आणि तेल उडताच ज्या माणसानं क्षणात इंजिन बंद केलं, त्याच्या हाताखेरीज मी माझी बहीण कुणाच्या हाती देणार नाही.

काल गुंडेरावांचा निरोप आला. पत्र त्यांनी सोनूकडून दोनदा वाचून घेतलं म्हणे. पँटचा डाग निघत नाही, आणि सोमवारी ती इंजिनीण स्वतः पुढच्या सीटवर बसणार असेल तर सोनू मागे बसेल, असं त्यांचं म्हणणं आहे. बाकीचे चौघे गुंडेराव काय करतात ते पाहतायत.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही पत्रं पाठवू दिली नसती, म्हणून विचारलं नाही. सोमवारची रजा मी काल मंजूर करून घेतली आहे.

रागवायचं असेल तर समोर रागवा, पण माया तेवढीच ठेवा.

तुमची भाची,
रेणुका