ऐंशी टक्के ओल आणि एक किल्ली

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, सरकारी दप्तरखान्यात जुन्या कागदांची राखणदार, उद्या सकाळी पोटाची शस्त्रक्रिया करून घेणार आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. तरी कागद करून ठेवणं माझ्या हाडात भिनलं आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेलं नाही आणि याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं.

कलम १. आईकडून मला आलेलं दोन खोल्यांचं घर, बँकेतली शिल्लक आणि शिलाई मशीनसह सगळं सामान धाकट्या भावाला मिळावं. मशीन त्याला चालवता येतं, मला कधी जमलं नाही.

कलम २. माझ्या सव्वीस दैनंदिन्या दप्तरखान्यातल्या शिपाईकाकांना द्याव्यात. वाचू नयेत, असं लिहिणार होते. पण एकवीस वर्षं त्यांनी न मागता माझ्या टेबलावर चहा ठेवला. अशा माणसापासून काय लपवायचं? त्यांच्याविषयी सगळं चांगलंच लिहिलं आहे, एक आठवडा सोडून.

कलम ३. कासव. वय नऊ, नाव साहेब, कारण फायलीच्या वेगानेच पुढे सरकतो. नोंदणीचा कागद निळ्या फायलीत आहे. तो माझ्यामागे पन्नास वर्षं तरी जगेल, म्हणजे हे मृत्युपत्र मुख्यतः त्याच्यासाठीच आहे. तोही भावालाच द्यावा. हे देणं नव्हे, परत करणं आहे. आईच्या आजारपणात घरात काहीतरी वाढताना दिसावं म्हणून त्यानेच अक्रोडाएवढं ते पिल्लू आणलं होतं.

कलम ४. साहेब राहतो त्या पेटीची व्यवस्था. दिव्याखाली चौतीस अंश, दुसऱ्या टोकाला पंचवीस. ऊन-सावली साहेब स्वतः निवडतो. रात्री बाविसाच्या खाली उतरू देऊ नये. तापमापक झाकणाला लावू नये, कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा. साहेब झाकणाला राहत नाही. नारळाच्या भुश्शाचा खालचा थर ओला असावा, वरचा नुसता दमट. लपायच्या डब्यात ओलं शेवाळ ठेवावं, आर्द्रता ऐंशी टक्क्यांपर्यंत. ओल वाढवली की ऊबही सांभाळावी. ओल आणि गारठा एकत्र आले की कासव आजारी पडतं.

कलम ५. खुलासा. कलम ४ मधलं शेवटचं वाक्य मी आठ वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात साहेबाच्या नाकातून बुडबुडे येऊ लागले. भाऊ रोज पेटीत पाणी फवारत असे. मी त्याला पाणक्या म्हणून चिडवत असे. त्या दिवशी चिडवलं नाही. “तुझ्या पाण्याने मारशील त्याला,” म्हणाले. तो म्हणाला, “ताई, तुझं दप्तर नाही ते, जिवंत आहे.” मी त्याच्याकडून घराची किल्ली काढून घेतली.

रात्री दिवा बंद ठेवण्याचा नियम माझा होता. नाक गळलं ते गारठ्याने. खापर मी पाण्यावर फोडलं. नंतर पेटी दप्तरखान्यासारखी कोरडी ठेवली, चाळीस टक्के, वर्षानुवर्षं. ओल म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे कागदाचा नाश, एवढंच मला शिकवलेलं. साहेबाच्या पाठीवर टेंगळं चढत गेली आणि मी वहीत लिहीत राहिले, ‘प्रकृती उत्तम, पेटी कोरडी.’

दोन वर्षांपूर्वी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “याला वाळवणात घातलं होतं की काय?” टेंगळं कोरडेपणाची, नाक गारठ्याचं, हे त्या दिवसापासून मला ठाऊक आहे. भावाला कळवलं नाही. आधी लाजेने, नंतर, इतके दिवस का नाही कळवलं, याच्या लाजेने. जुनी टेंगळं जाणार नाहीत, पण त्यांच्या कडेने आलेली नवी वाढ सपाट आहे. बाईंचे उपकार मी विसरणार नाही: त्यांनी मला रागावायला हवं होतं, पण त्यांनी फवाऱ्याची बाटली हातात दिली.

<s>कलम ७. भावाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती त्याला द्यावी.</s>

कलम ६ राहून गेलं होतं, ते इथे: माझे डोळे कोणाला उपयोगी पडले तर द्यावेत.

खाडाखोडीचा खुलासा. दवाखान्याच्या दिवसांत पेटी कोणी बघायची, म्हणून आज दुपारी मी भावाला फोन केला. तो तासाभरात आला. मी हा कागद पुढे केला. कलम ५ त्याने दोनदा वाचलं.

“एवढं सांगायला तू मरायची वाट बघत होतीस, ताई?”

“सवडीने सांगणार होते.”

“आणि किल्ली तू गेल्यावर? उद्या तू तिकडे, साहेब इकडे कुलपात. दार काय तो उघडणार?”

मी खण उघडला आणि किल्ली त्याला दिली. माझ्याजवळ जे नाही ते मला मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून कलम ७ माझ्याच हाताने खोडलं आहे.

भावाला साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मालमत्ता मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं मी सांगितलं. दैनंदिन्यांना बाजारभाव नाही, म्हणून शिपाईकाका चालतील. तो फवारा घेऊन पेटीपाशी बसला आहे. आर्द्रतेचा काटा अठ्ठ्याहत्तरवर आहे.

ठिकाण: राहतं घर, पेटीशेजारचं टेबल
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, मंगळवार
लिहून ठेवणार: (सही) साहेबाची राखणदार, पाणक्याची ताई
साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली: (सही) प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई, (सही) शिपाईकाका, ‘तो एक आठवडा कोणता’ असं विचारून