पत्र्याचा मांडव आणि घाटाचा तुकडा

चऱ्होली, सोमवार

आणि वर मलाच विचारतेस, "अक्का, पोरगं एवढं वाळलं कसं?" अगं, खायला घालायला मी कमी करत नाही, तुझ्या प्रीतमला त्याच्या हापिसातल्या हवामानाच्या कॉम्प्युटरने वाळवलंय! बाकी चि. विजयश्रीला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, तुम्हाला लग्नाला येऊ न देणारा अर्जुनरावांचा गुडघा बरा असेल (नसेल तर जिना चढू नका म्हणावं, त्याला डॉक्टर कशाला). फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय.

आमच्या साधनाची हळद शनिवारी होती, घरामागच्या रानात. वळवाचे दिवस. मांडववाला नवनाथ म्हणाला, कापडाचा मांडव की पत्र्याचा ते गुरुवारी सांगा, मग पत्रे मिळायचे नाहीत. म्हटलं, घरात हवामानवाला भाचा राहतोय, भ्यायचं कशाला? तर हा म्हणतो, "मावशी, शनिवारचं गणित रविवारी सुटेल." म्हणजे पोरगी भिजल्यावर हा सांगणार, पाऊस येतोय! असल्या कामाला पगार देतात?

मग त्याने समजावलं. नकाशाचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका कॉम्प्युटरला देतात. सगळे एकदम गणित करतात आणि दर पायरीला बांधावरच्या शेजाऱ्याला सांगतात, माझ्याकडून तुझ्याकडे वारा किती, ओल किती. शेजाऱ्याचं आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आणि तुझ्या लेकाने तुकडे पाडले सगळे सारखे! (आपल्या भावकीत लग्नाच्या भाकरीचं पीठ वाटतात तसे. घरात चार सुना असोत की एकटी अंबुबाई, पीठ सारखंच, नाहीतर रुसवा.) घाटाच्या तुकड्यात डोंगर, ढग, त्याचं गणित मरणाचं. कोरडे तुकडे काम उरकून घाटाची वाट बघत बसलेले. मी म्हटलं, आणखी कॉम्प्युटर लाव. लावले. बांध वाढले, सांगासांगी वाढली, वेग तोच.

शेवटी त्याच्याबरोबर काम करणारी वर्षाली (देहूरोडची, वडील कारखान्यात) नकाशा बघून (आपल्या पिठाची गोष्ट याने तिला सांगितलेली) म्हणाली, "प्रीतम, ही काय तुमची भावकी आहे? घाट रुसणारे का?" दोघांनी बसून घाटाचे बारीक तुकडे पुष्कळांत वाटले आणि कोरडा मुलूख मोठमोठा करून थोड्यांच्या गळ्यात मारला. गुरुवारी दुपारी उत्तर हजर. शनिवारी संध्याकाळी पाऊस.

मी पत्रे सांगितले. भावकी हसली ("शालनबाईला ऊन लागलं"). शनिवारी दिवसभर आभाळ कोरडं ठणठणीत, मला तर प्रीतमचा कान उपटावासा वाटला. आणि हळद लागते न लागते तोच असा कोसळला की विचारू नकोस! हसणाऱ्या सगळ्या आधी आत, त्याही मधोमध. साधनाला थेंब लागला नाही. विजे, मी जो श्वास सोडला, अजून हलकं वाटतंय. अंबुबाईच्या भाकरी मात्र पाऊस थांबल्यावर आल्या.

तुझी अक्का,
शालन

ता. क. त्याच वर्षालीचा मी प्रीतमसाठी पाठवलेला फोटो तू न बघता परत पाठवलास, बाहेरगावची माणसं, जमीन नाही म्हणून. जमीन काय स्वतःला पुरून घ्यायला हवीय? फोटो पुन्हा पाठवलाय, चष्मा लावून बघ.

आणखी एक. आज सकाळीच तिच्या आईकडे चहाला गेले होते. तुझा होकार सांगून आले. मांडव उभाच आहे, नवनाथ येत्या गुरुवारी पत्रे काढायला येतोय. तेव्हा बुधवारपर्यंत उत्तर दे. "बघू" हे उत्तर नाही, आणि "नाही" म्हणायचं असेल तर देहूरोडला जाऊन तूच म्हण.