शवपेटीच्या वाटेनं

डेव्हन, रविवार

ती. ताईस, गुडघे वगळून सप्तांग नमस्कार.

हेडली ठीक आहे. छातीत दुखलं म्हणून इस्पितळात ठेवलंय, गुरुवारी शस्त्रक्रिया. तू लगेच उपास धरू नकोस. भावजींचा खोकला कसा आहे?

आमचा जिना शंखासारखा वळणारा, त्यात स्ट्रेचर वळेना. शवपेटीही वळत नाही, म्हणून पूर्वजांनी वरच्या खोलीच्या फळ्यांत झडप ठेवलीय. तिथूनच दोरांनी त्याला खाली सोडलं.

"आई, मी रांग मोडतोय हं," तो सासूबाईंना म्हणाला.

त्या म्हणाल्या, "तोंड मीट. श्वास जपून वापर."

आता त्या झडप लावूच देत नाहीत. म्हणतात, "इथनं गेलेलं कुणी परत आलेलं नाही. तो येईपर्यंत उघडीच राहू दे."

खाली गार वारा येतो. तर्कशास्त्र शिकलेली तुझी बहीण शाल पांघरून त्यांच्याशेजारी बसली आहे.

तुझी,
कुमुद