मामांच्या कपबशा आणि पिंपळाची पाने

धायरी, गुरुवार

आदरणीय राधाआत्यांना निकिताचा सविनय जय भीम.

तुमच्या गुडघ्याला नवे तेल मानवले का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. फोनवरच कळवणार होते, पण मोबाइलवरची बारीक अक्षरे तुम्हाला दिसत नाहीत, म्हणून तुमचे मेसेज तुम्हाला मामाच वाचून दाखवतात. त्यांच्या निवृत्तीच्या भेटीची बातमी त्यांनीच वाचून दाखवावी हे काही बरे नाही. म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरांत लिहून पप्पांबरोबर मांजरीला पाठवते आहे.

तुम्ही दिलेल्या सहा पांढऱ्या कपबशा इथे सुखरूप पोचल्या होत्या. पुढे त्यांचे जे झाले त्याला मी जबाबदार आहे. रविवारच्या कार्यक्रमासाठी त्यांच्यावर पिंपळाची पाने काढ, एवढेच तुम्ही सांगितले होते. दुसऱ्या कोणी एका दुपारी काढून टाकली असती. पण मला अक्षरे शिकवली मामांनी, आणि कागदावरचे सगळे वाचल्याशिवाय पेन उचलायचे नाही ही त्यांची शिस्त. (शाळेत जाण्याआधीच मी रेशनकार्डाची मागची बाजू वाचली होती. तेव्हापासून मला काहीच चटकन सुरू करता येत नाही.)

आधी ब्रश. दुकानदाराने खारीच्या केसांचा ब्रश पुढे केला. ओला केला की टोक सुईसारखे होते, टेकवून उचलला की शेपटासकट पान तयार. मी विचारले, केस काढताना खारीला त्रास होतो का. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "संमतीपत्र आत ठेवलंय तिचं, आणू का?" मागे गिऱ्हाईके उभी होती. मी मुकाट्याने नायलॉनचा घेतला. त्याने पान होते, शेपूट होत नाही.

मग रंग. एक रंग मोठ्या भट्टीत भाजायचा, दुसरा घरच्या ओव्हनमध्ये. भट्टी आहे का, असे त्याने विचारले, तर मी म्हणाले, घरी विचारून सांगते. (आपल्या घरात भट्टी आहे की नाही हे विचारून सांगणारी त्याला मी पहिलीच भेटले असणार.) हिरवा कोवळ्या पानाचा हवा की जून पानाचा? मामा निवृत्त होताहेत म्हणून जून घेतला, मग ते त्यांना लागेल असे वाटून कोवळाही घेतला.

घरी येऊन बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरे भिंग लावून वाचली. तोंडाला किंवा खाण्यापिण्याला लागेल तिथे हा रंग लावू नये, असे लिहिले होते. बघा, वाचल्याचा फायदा. मी कपांच्या काठाखाली दोन बोटे जागा कोरी सोडली, कानाजवळ एकेकच लहान पान काढले आणि उरलेली सगळी हौस बशांवर भागवली. एकाही बशीत मोहरी ठेवायला पांढरी जागा उरली नाही. शेजारच्या हेमाकाकूंच्या केकच्या ओव्हनमध्ये त्या भाजल्या. निवेपर्यंत मी समोर स्टूल टाकून बसले होते. एकीलाही तडा गेला नाही. मला फार अभिमान वाटला. तो पप्पांनी चपला काढेपर्यंत टिकला.

त्यांनी एक बशी उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "छान झालंय. पण दाजी चहा कशातून पिणार?"

आत्या, मामांनी बशीतून चहा फुरकत मला बाराखडी गिरवायला लावली. माझ्या पाटीवर त्या चहाचे थेंब पडायचे. मामांना कपाला तोंड लावताना मी जन्मात पाहिलेले नाही. तरी मी बाटली अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि मामांची बशी विसरले.

रंग आता खरवडून निघत नाही आणि तसल्या सुट्या बशा मिळत नाहीत. कपाखाली साधी बशी ठेवा, असे पप्पा म्हणतात. पण भेट मिळाली की मामा ती लगेच वापरतात. (आपण दिलेला स्वेटर ते बुद्धपौर्णिमेच्या उन्हात घालून बसले होते.) ते चारचौघांत माझ्याच बशीत कौतुकाने चहा ओतणार आणि मी कोपऱ्यातून 'थांबा' म्हणून ओरडणार. निवृत्तीच्या दिवशी माणसाच्या तोंडची बशी काढून घ्यायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

वडीलधाऱ्यांना वंदन. गुडघा सांभाळा.

तुमची,
निकिता

ता. क. मामांना रविवारपर्यंत कपातून चहा प्यायची सवय लावाल का? खोटे सांगा असे मी म्हणणार नाही. पण तोवर घरातल्या बशा तुम्हाला सापडल्याच नाहीत, तर त्यात खोटे बोलण्यासारखे काही नाही.

आणखी एक. पाने पाहून आमच्या रोहनने विचारले, "ताई, विडे कुणाच्या लग्नात वाटायचेत?" पाहुण्यांना पिंपळाचीच पाने आहेत असे ठामपणे सांगावे.

(पाकिटाच्या मागच्या बाजूवर)

मामा, पत्त्यात कुटुंबप्रमुखाचे नाव लिहायचे हे तुम्हीच शिकवलेत, म्हणून हाताने सवयीने तुमचेच लिहिले, आणि ते पाकीट चिकटवून झाल्यावर लक्षात आले. पत्र आत्यांचे आहे, कृपया उघडू नये. रविवारी फक्त चहा कपातून प्यावा. बशांचे विशेष काही नाही. पाने पिंपळाची आहेत.