झडप सैल आहे

२ जून
कनिष्ठ महाविद्यालयातून फोन आला. जीवशास्त्र शिक्षिकेच्या जागेसाठी वीस तारखेला डेमो लेक्चर. विषय मी निवडायचा. मी 'मानवी पचनसंस्था' निवडला. मराठी माध्यमातून कोराडी केंद्रात पहिली आलेल्या मुलीला भीतीचे कारण नाही. अडचण एकच, आणि ती शारीरिक आहे. लोकांसमोर उभी राहिले की छातीतून घशाकडे आंबट जळजळ चढते आणि शब्द तिथेच अडतात. लोक याला लाजाळूपणा म्हणतात. लोकांचे वाचन कमी आहे.

३ जून
दिवसभर ग्रंथालयात. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येते. म्हणजे माझ्या मौनाचे मूळ झडपेत आहे. फार हलके वाटले.
संकल्प: चहा बंद. पोह्यांवरची तिखट तर्री बंद. जेवल्यावर तीन तास आडवे व्हायचे नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच.

४ जून
पलंगाच्या दोन पायांखाली शाळेत बक्षीस मिळालेले शब्दकोश ठेवले. अखेर ते कामी आले. मी जिच्याकडे राहते त्या शोभाआत्याने दारातून विचारले, काहून वं, घसरगुंडी करून राहिली का. उत्तर दिले नाही. घसा.

५ जून
सकाळी मी पलंगाच्या पायथ्याशी घसरून गोळा झालेली आढळले. परंतु जळजळ नव्हती. तत्त्व सिद्ध झाले.

८ जून
भैरवीनेही त्याच जागेसाठी अर्ज केला आहे. माझ्या आकृत्या पाहून बारावी पास झालेली भैरवी. मनीषनगरच्या टपरीवर घेऊन गेली. तर्रीपोह्यांवर पुन्हा तर्री मागून घेतली आणि टपरीवाल्याशी, शेजारच्या अनोळखी मुलांशी व माझ्याशी एकाच वेळी बोलत राहिली. मला म्हणाली, तू फक्त उभी राह्य, मार्क तुलेच भेटतील. सगळे हसले. पोहे मीही खाल्ले. नाही म्हणायला बोलावे लागले असते. झडपा वाटताना निसर्गाने पक्षपात केला आहे.

११ जून
सराव. श्रोते: आत्या. दुसऱ्याच वाक्याला आम्ल आले. ती भेंडी चिरत होती, तिने मान वर केली. करायला नको होती.

१२ जून
आत्याने डॉक्टरांकडे नेले. लक्षणे मी क्रमवार पाठ केली होती. प्रश्न मला विचारले गेले, उत्तरे आत्याने दिली. घरात बोलतानाही जळजळ होते का, या प्रश्नावर ती म्हणाली, हे घरात बोलते कुठं डॉक्टर, हिच्यापेक्षा आमचा कूलर जास्त बोलते. डॉक्टर हसले. नाश्त्याआधी घ्यायची गोळी लिहून दिली, तेलकट-तिखट वर्ज्य सांगितले. झडपेचा त्यांनी उल्लेखही केला नाही. त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मीही केला नाही.

१८ जून
जळजळ पूर्णपणे थांबली आहे. आज सरावात शब्द मात्र त्याच वाक्याला अडले. घसा स्वच्छ, थंड. याचा अर्थ आजार लपून बसला आहे. पुस्तकात याविषयी काही नाही. आवृत्ती जुनी असावी.

१९ जून
उद्याचे चांगले व्हावे म्हणून आत्याने वडाभात केला. आमच्याकडे कुस्करलेल्या वड्यावर हिंग-मिरचीचे कडकडीत तेल ओतल्याशिवाय तो वाढत नाहीत. माझ्या ताटात मात्र कोरडा. तेलाची वाटी तिने दूर ओट्यावर ठेवली. डॉक्टरनं मना केलं ना वं, म्हणाली. मी तेल मागितले. तिने ऐकले नाही, तेव्हा पुन्हा मागितले. मोठ्याने, पूर्ण वाक्यात, न अडखळता. वडाभाताची अशी विटंबना पाहवली नाही, एवढेच कारण. आत्याने वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, केवढा चांगला आवाज आहे वं तुहा, उद्या असंच बोल.
वाटी रिकामी केली. जेवून लगेच आडवी झाले. उद्यासाठी विश्रांती आवश्यक होती.

२० जून
पहाटेपासून तीव्र जळजळ. बोलणे वैद्यकीयदृष्ट्या अशक्य. महाविद्यालयात फोन आत्याने केला. माझे निदान पहिल्या दिवसापासून अचूक होते.

२३ जून
जागा भैरवीला मिळाली. संत्रा बर्फी घेऊन आली होती. अभिनंदन मानेने केले. घसा आता बरा आहे.
जेवायला बसले तेव्हा तेलाची वाटी आत्याने आपणहून माझ्या ताटाजवळ आणून ठेवली.