काकाच्या पंपामागची विहीर

६ मे
सुट्टीला गावी आले. चहाचा कप हातात, तेवढ्यात राबियाखाला दारात. काकाच्या पेट्रोल पंपामागं त्यांचं घर, घराला लागून विहीर. अर्धी गल्ली तिथलंच पाणी भरते. त्यांनी बाटली पुढं केली.
"मंगल बेटी, तू पानी का काम करती ना? सूँघ के देख."
बूच काढलं. पेट्रोल. शंकेला जागाच नाही.
काकाला विचारलं तर म्हणाला, "लोकं तिथं गाड्या धुत्यात. तेच झिरपत असंल." माझ्याकडं बघून नाही बोलला.

८ मे
रीतसर काम सुरू. आमच्या भूजल ऑफिसात साहेबांना आधीच सांगितलं की पंप माझ्या चुलत्याचा आहे. ते म्हणाले, मग दुसरा माणूस द्यायला हवा, पण माणूस कुठाय?
विहिरीवर इंद्रधनुष्यासारखा तवंग. नमुने काचेच्या बाटल्यांत, बर्फात. पंपामागं खड्डा घेतला. वर काळी माती, बरी वाटली. खालचा मुरूम हातात घेतला आणि वासानं डोकं भणभणलं.
खालांच्या सुनेला रोज डोकेदुखी, नातीला उलट्या. हे पाणी प्यायचं नाही, कपडेसुद्धा धुवायचे नाहीत, विहिरीत उतरायचं नाही, असं घरोघर सांगितलं.
"फिर पीना क्या?" खाला म्हणाल्या.
उताराला माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या मळ्यातली बोअर आहे. पाणी जागेवरच तपासलं, स्वच्छ निघालं. तिथून भरा म्हटलं. टँकरसाठी तहसीलला कळवलंय.

११ मे
तात्या जेवले नाहीत माझ्यासोबत. "ज्यानं तुला शिकायला शहरात पाठवा म्हणून माझ्याशी भांडण केलं, त्याच्यावरच रिपोट लिहितीस?"
खरंच आहे ते. तात्या माझं शिक्षण बंद करणार होते, काका मधे पडला.
पंपाची जमिनीतली टाकी रिकामी करून तपासू दे म्हणून काकाला परत विचारलं. "पंप बंद ठिवला की लोकं काय समजायचं ते समजत्यात. नाय जमायचं." तेल कंपनीला लिहिलंय. उत्तर नाही.

१४ मे
लिहिता येत नाहीये नीट.
टँकर आलाच नाही. मळ्यातनं हंडे वाहून बायका थकल्या. खालांच्या मुलानं, अनीसनं, ठरवलं की खराब पाणी उपसून काढू, खालून नवं येईल. सकाळीच कमरेला दोर बांधून उतरला. मला कळलं तेव्हा आरडाओरडा चाललेला. धावले. अनीस तळाशी, मान छातीवर. त्याचा भाऊ उडी टाकायला निघाला, त्याची कॉलर धरली. "उतरू नको! खाली हवा नाही, वाफ आहे नुसती!"
दोर कुणी ओढला तर काकानं. पंपावरनं पळत आला होता. एकटाच ओढायला लागला, मग बाकीचे भिडले. काकाच्या तळहातांची सालटं निघाली.
अनीस श्वास घेतोय. शहरात अॅडमिट केलंय. शुद्ध नाही.
दवाखान्याच्या जिन्यात काका बसलेला. हात फडक्यात गुंडाळलेले. "मंगल, टाकी उकर."
मी हो म्हटलं.

१९ मे
पेट्रोल उपसलं, टाकी वर काढली. बूड गंजलेलं, शिवणीपाशी भोक. बोट जाईल एवढं. काका त्या भोकाकडं बघत म्हणाला, "वरून तर काय दिसत नव्हतं गं."
खड्ड्यातली माती निळसर काळी पडलेली. ती उचलता येईल. पण खाली खडक लागला, भेगाळलेला. त्या भेगांतून पेट्रोल कुठं कुठं गेलंय हे कसं सांगू? नकाशा काढायला बसले, फाडला.

२३ मे
अनीस डोळे उघडतो, आईला ओळखतो. शब्द सापडत नाहीत त्याला. पाणी मागायचं तर ग्लासकडं नुसता बघत राहतो.


२९ मे
टँकर एकदा येतो, एकदा येत नाही. आता फक्त आमची गल्ली नाही, खालची वस्तीही तात्यांच्या बोअरवर. मोटर दिवसभर चालू. तात्या कुणाला नाही म्हणत नाहीत. मनातून सुखावलेत. माझ्याशी बोलायला लागले.
मला मात्र धाकधूक. एका ठिकाणी एवढा उपसा झाला की भोवतालचं पाणी तिकडंच ओढलं जातं. पाणी तेवढं ओढलं जाईल आणि पेट्रोल मागं राहील, असं थोडंच आहे? नमुना नेलाय.

३ जून
रिपोर्ट आला. तात्यांच्या बोअरमध्ये पेट्रोल उतरलंय. थोडं आहे. वासही येत नाही अजून. पण आहे, आणि मोटर चालू राहिली तर वाढणार.
तडक मळ्यात गेले. हंड्यांची रांग. सगळ्यांसमोर मोटर बंद केली.
तात्या म्हणाले, "काय झालं?"
सांगितलं. इथं भरा असं मीच म्हणाले होते, तेही सांगितलं. रांग जागची हलली नाही. राबियाखालांनी भरलेला हंडा उचलून कमरेवर घेतला.
"खाला, ओता ते."
"दवाखाने से अनीस को आज घर ला रहे बेटी. घर में बूँद नै." त्या तशाच उभ्या. हंडा ओतेनात, नेईनातही.
टँकरवाल्याला फोन लावला. लागत नाही. परत लावतेय.