अर्ध्या इंचाची गोळी

१९ मे, सकाळ

अंगणात अस्वल आलं. भरदिवसा.

माझी बायको मार्लिस दोरीवर सतरंज्या टाकत होती. मी तिला कॉफी द्यायला बाहेर आलो होतो. अस्वल शेडच्या मागून निघालं आणि सरळ पक्ष्यांच्या दाण्यांकडे गेलं. मी क्षणात परिस्थिती ओळखली, घरात गेलो आणि मदत बोलावण्यासाठी फोन शोधू लागलो. जाताना दार आतून लागलं. ते सवयीने लागतं.

मार्लिसने काठीने पत्र्याचा टब बडवला. अस्वल कंटाळून निघून गेलं.

फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. संकटात माणसाला स्वतःचे खिसे आठवत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं. ती काही बोलली नाही. बोलली असेल तर पुटपुटली. हल्ली ती फार पुटपुटते.

१९ मे, दुपार

शांतपणे विचार केला. दोष माझा नाही, साधनांचा आहे. हातात काही असतं तर मी आत कशाला आलो असतो? आख्खं आयुष्य अलास्कात काढलं आणि घरात बंदूक नाही.

ठराव: बंदूक घ्यायची. साधीसुधी नाही.

२० मे

ट्वायलाच्या दुकानात जाऊन आलो. गळ, गमबूट, बंदुका आणि शिळे डोनट, सगळं तिच्याकडेच मिळतं. काचेखालचं सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर काढायला लावलं. पाचशे कॅलिबर. गोळी अर्धा इंच जाड, माझ्या अंगठ्याएवढी. एवढी जाड की चक्रात पाचच मावतात. सहावीला जागा नाही, आणि गरजही नाही.

कशासाठी, असं ट्वायलाने विचारलं. अस्वलासाठी, म्हणालो. तिने मिरचीच्या स्प्रेचा डबा पुढे सरकवला. अस्वलाला मसाला लावून काय करायचं, असं मी म्हणालो. ती हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

निर्णय उद्या.

२३ मे

निर्णय झाला नाही. मार्लिस मध्ये आली. जेवताना तिने काटा खाली ठेवला आणि (या वेळी स्पष्ट) विचारलं, "त्या दिवशी तुझ्याकडे ते रिव्हॉल्व्हर असतं, तर तू दाराच्या कुठल्या बाजूला असतास, लेलंड?"

प्रश्न काल्पनिक आहे. काल्पनिक प्रश्नांना मी उत्तरं देत नाही. हॅलिबट मासा जरा जास्त शिजला होता.

१ जून

मनगटाचा व्यायाम सुरू. सकाळी पिठाची पिशवी एका हाताने समोर लांब धरून उभं राहायचं, असा बेत. पिशवी फुटली. व्यायाम स्थगित. तसंही मला जपून राहायला हवं. माझं पोट हातावर आणि कानांवर आहे. या हायवेवरची सगळी चर्चेस, शाळा आणि दोन बार यांचे पियानो मीच सुरात लावतो. लोक मला आवर्जून बोलावतात. गेलो की कॉफी होते, ॲपल-पाय होतो, गप्पा होतात. असा मान दुसऱ्या कुठल्या कारागिराला मिळतो?

८ जून

मार्लिसचा भाऊ ऑर्विल आला होता. तो शहरी पाहुण्यांना नदीवर सॅमन पकडायला नेतो, त्यामुळे अस्वलांच्या बाबतीत त्याचं मत तज्ज्ञाचं. त्याला सगळं सांगितलं. (दार वगळून. ते मार्लिसने सांगितलं.) तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, घेच तू. निदान मला एकदा उडवायला मिळेल.

म्हणजे तज्ज्ञांचा कौल मिळाला.

१६ जून

पुन्हा दुकानात. रिव्हॉल्व्हर हातात घेऊन आरशासमोर उभा राहिलो. डावीकडून जास्त शोभतं. दुकानातल्या शेकोटीपाशी बसणारी मंडळी आता मला "पाचशे" म्हणतात. "आले का पाचशे?" वगैरे. आदर हा असा न मागता मिळतो.

घेतलं नाही. एवढी मोठी गोष्ट घाईत घेऊ नये. पण रिकाम्या हाताने परतणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते ठेवायचा होल्स्टर घेतला. छातीवर बांधायचा, जाड चामड्याचा.

१८ जून

होल्स्टर घालून शाळेत पियानो लावायला गेलो. प्रिन्सिपॉलबाईंनी दारातच थांबवलं. रिकामा आहे, असं उघडून दाखवलं. रिकामा नव्हता, त्यात सँडविच होतं. बाईंनी ते लांबूनच पाहिलं.

काम उत्तम झालं. संगीताच्या मास्तरांनी वरचे सूर पुन्हा एकदा बघाल का, असं दोनदा विचारलं. तरुण मुलगा आहे. कान तयार व्हायला वेळ लागतो.

२ जुलै

ऑर्विलच्या मुलीचं, ब्रेनाचं लग्न १९ तारखेला. चर्चचा पियानो अर्थातच मी लावायचा. ब्रेना स्वतः सांगायला आली होती. लहानपणी माझ्या पियानोखाली बसून बिस्किटं खायची ही. मी तिला म्हणालो, तुझ्या लग्नात असा सूर लागेल की लोक जन्मभर विसरणार नाहीत. तिने मार्लिसकडे पाहिलं. मार्लिस खिडकीबाहेर पाहत होती. दोघीही भारावल्या होत्या.

१३ जुलै, दुपार (डाव्या हाताने)

चाचणी झाली. तपशील नंतर.

१३ जुलै, संध्याकाळ (डाव्या हाताने)

तपशील. ऑर्विलच्या एका मित्राकडे तेच रिव्हॉल्व्हर आहे. ते घेऊन ऑर्विल, मार्लिस आणि मी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेलो. कोणीतरी जुनं वॉशिंग मशीन आणून टाकलं होतं, त्यावर नेम धरायचा. ऑर्विलने आवाज अडवायला कानांवर लावायचे मोठे कानटोप दिले. मी लावले आणि ऐन वेळी काढले. पंधरा हजारांवर तारा ज्याने आयुष्यात ऐकल्या, त्याने एवढा ऐतिहासिक आवाज कापसातून ऐकायचा? ऑर्विल ओरडून काहीतरी सांगत होता. सगळेच पुटपुटतात हल्ली.

उडवलं.

त्यानंतर मी खडीवर बसलेलो होतो. रिव्हॉल्व्हर कपाळाला लागून गेलं होतं. मनगट माझं नव्हतं. वॉशिंग मशीन जसंच्या तसं. ऑर्विलचं तोंड हलत होतं आणि दोन्ही कानांत एक बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी.

मार्लिसने माझ्या कपाळावर रुमाल दाबला. मग कानटोप चढवून रिव्हॉल्व्हर उचललं, उरलेल्या चारही गोळ्या मशीनमध्ये घातल्या आणि ते ऑर्विलला परत दिलं. फार जड आहे म्हणे (घरी आल्यावर लिहून दाखवलं), आणि उगाच आहे. बायकांना यंत्रांची गोडी नसते.

१५ जुलै

दवाखान्यातल्या नर्सने मनगट बांधून दिलं. मुरगळलंय. कानांना विश्रांती द्या, शहरात जाऊन डॉक्टरांना दाखवा, असं तिने कागदावर लिहून सांगितलं. मी ऐकू येत असल्यासारखी मान हलवली होती, तरीही लिहिलं.

मार्लिस म्हणते (तीही लिहूनच), ब्रेनाला सांग की या वेळी जमणार नाही. अशक्य. शब्द दिलाय. शिवाय एवढ्या वर्षांचा अनुभव कानात नसतो, हाडांत असतो.

१८ जुलै

पियानो लावला. डाव्या हाताने. शिट्टी अजून आहे, पण तिचाही उपयोग करून घेतला. ती एका सुरात स्थिर आहे. तिच्याशी जुळवत गेलो. असं पूर्वी कोणी केलं नसेल. खालचे सूर दाताने तपासले. लाकडाला दात टेकवले की हाडांतून कळतं. पाद्री आत आले, मला त्या अवस्थेत पाहून पुन्हा बाहेर गेले.

१९ जुलै

लग्न झालं. हवा छान होती.

वाजवायला जी बाई बसली, तिने सुरुवात केली आणि लोकांनी एकदम माना वर केल्या. ब्रेना ऑर्विलच्या हातात हात घालून मधल्या वाटेवर होती. ती थांबली. पाठीमागच्या बाकावरचं एक पोर रडायला लागलं. बाईने धीर करून आणखी दोन ओळी वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, लोक भारावले. मग ब्रेनाचा चेहरा पाहिला.

मार्लिस उठून उभी राहिली आणि तिने नुसत्या तोंडाने गाणं सुरू केलं. सगळे तिच्या मागोमाग म्हणू लागले, आणि नवरी चालत पुढे गेली. मला शब्द ऐकू येत नव्हते. तोंडं हललेली दिसत होती.

जेवणाच्या वेळी ऑर्विलने माझ्याकडे पाठ केली. बाप आहे, मुलीच्या लग्नात हळवा होतो. ब्रेना मात्र आली, माझ्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "लेलंडकाका, तुम्हाला ऐकू येत नाहीये, हो ना? सांगितलं असतंत तर मी पियानो ठेवलाच नसता."

मी म्हणालो, चर्चच्या भिंतींना ओल आहे, त्याने पियानो उतरतो.

तिने माझ्या बांधलेल्या हातावर हात ठेवला आणि निघून गेली. केक खाल्ला नाही. भूक नव्हती.

२४ जुलै

ओलीबद्दल पाद्रींना फोन करणार होतो. फोनवर नीट ऐकू येत नाही. रद्द.

३ ऑगस्ट

रिव्हॉल्व्हरबद्दल नव्याने विचार. मनगट बरं झालं की घ्यायचं. एका अपघाताने खचणाऱ्यांपैकी मी नाही. मार्लिसला सांगितलं. तिने होल्स्टर खुंटीवरून काढला, त्यात कपड्यांचे चिमटे भरले आणि दोरीशी गेली. निषेधाच्या या पद्धती मी ओळखतो.

१४ ऑगस्ट

शिट्टी कमी झाली. बोलणं कळतं, समोरच्याने नीट तोंड उघडलं तर. पण कामं आली नाहीत. शाळेचं नाही, बारचं नाही. उन्हाळ्यात लोक नदीवर असतात.

२८ ऑगस्ट

मार्लिस ऐकेना, म्हणून अँकरेजला कानाच्या डॉक्टरणीकडे गेलो. मला एका काचेच्या पेटीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी वाट पाहत बसलो. यंत्र चालू करायला विसरली असावी. मार्लिस पेटीबाहेर बसून माझ्याकडे पाहत होती आणि डोळे पुसत होती.

यंत्र चालूच होतं.

डॉक्टरीण तरुण होती, तिने तोंड मोठं उघडून सांगितलं. गोळीने नुकसान केलंय, पण थोडंच, आणि त्यातलं बरंचसं भरून आलंय. बाकीचं फार जुनं आहे. वरचे सूर काही वर्षांपूर्वीच गेलेत. तुम्ही काम काय करता, असंही तिने विचारलं.

मी म्हणालो, निवृत्त आहे.

२८ ऑगस्ट, गाडीत

मार्लिस गाडी चालवतेय. मी लिहितोय, म्हणजे बोलावं लागणार नाही. पण पेट्रोल भरायला थांबली तेव्हा विचारलंच. तुला माहीत होतं का?

तिने इंजिन बंद केलं, माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे मला ओठ दिसावेत, आणि म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे, लेलंड. तू काम करून आलास की आठवड्याभरात वरच्या गावचा तो पोरगा जातो आणि परत लावून येतो. कितीतरी वर्षं."

मग मला कशाला बोलावतात, असं मी विचारलं.

तिला यात काही अवघड वाटलं नाही. म्हणाली, तू गेलास की दोन तास मजेत जातात म्हणून. ॲपल-पाय तुझ्यासाठीच करतात. ब्रेनाच्या लग्नालाही त्या पोराला बोलावणार होते, पण मध्ये एकच दिवस, चर्चमध्ये त्याची आणि माझी गाठ पडली असती, माझं मन दुखावलं असतं. नको म्हणून ऑर्विलनेच सांगितलं. त्या दिवशी त्याने पाठ केली ती रागाने नाही. लाज वाटली त्याला. पोरीच्या लग्नापेक्षा मेव्हण्याचं मन जपलं म्हणून.

ती आत पैसे द्यायला गेली. मी गाडीत बसलो. काच खाली केली, वर केली.

३० ऑगस्ट

ऑर्विलकडे गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्याने दार उघडलं आणि मी सगळं विसरलो. तो म्हणाला, ये, सॅमन धुरावर टाकलाय. खाल्ला. ब्रेना आणि तिचा नवरा होते. ओलीचं खरं नव्हतं, असं मी तिला सांगितलं. तिने मला आणखी एक तुकडा वाढला.

रिव्हॉल्व्हरचं काय झालं, असं ऑर्विलने विचारलं. विचार चालू आहे, म्हणालो.

४ सप्टेंबर

निर्णय झाला. नाही. कारणं पुष्कळ आहेत. वजन, गंज, गोळ्यांचा तुटवडा. शिवाय त्यासाठी ठेवलेले पैसे कानांच्या यंत्रांत गेले. ट्वायलाला सांगायला दुकानात गेलो. तिने स्प्रेचा डबा पिशवीत घातला, मी पैसे दिले.

१२ सप्टेंबर

यंत्रं आली. शेंगदाण्याएवढी. घातली आणि घरात किती गोंगाट आहे ते कळलं. फ्रीज घुमतो. माझा डावा बूट करकरतो. मार्लिस मुळीच पुटपुटत नाही.

ती बेरी तोडायला जाईपर्यंत थांबलो. मग माझ्या स्वतःच्या पियानोचं झाकण उघडलं आणि एक सूर वाजवला. दुसरा वाजवला. वर गेलो. वरचा एकही सूर जागेवर नव्हता.

मग हत्यारं आणली आणि लावायला घेतला. मनगट दुखत होतं. एकेक तार. वरच्या तारांना दुपार गेली. काही चुकलं की आता लगेच कळतं, त्यामुळे वेळ लागतो. मार्लिस कधी परत आली ते कळलं नाही. ती स्वयंपाकघरात बेरी निवडत होती, दार उघडं ठेवून.

झाल्यावर लग्नात वाजवायचं होतं तेच वाजवलं. सावकाश, पुष्कळ चुकत.

छान लागलाय, असं ती आतून म्हणाली.

तुला काय कळतं, असं मी सवयीने म्हणालो.

"मला तर नेहमीच ऐकू येत होतं," ती म्हणाली आणि नळ सोडला.